भिंतीवर पडलेलं ग्रहण

वकीलबाई संध्याकाळी कोर्टातून आल्या की चपला दाराबाहेर काढायच्या, पर्स खुंटीला अडकवायच्या आणि काळा कोट तसाच अंगात ठेवून गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. मे महिन्यातसुद्धा. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या दोन विंगा समोरासमोर, मधे चौक. त्यांची खोली समोरच्या विंगेत, अगदी वरच्या मजल्यावर. आमची विंग एका मजल्यानं ठेंगणी, आणि आम्ही दुसऱ्यावर. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या बाई रोज आमच्या घरात बघतायत. मी पडदा ओढून घ्यायचे. एकदा जिन्यात त्यांनीच मला अडवलं.

"तू नवी सून ना? पडदा कशाला ओढतेस गं? मी तुमच्या छपराच्या वर बघते. शुक्र असतो तिथं."

"कोण शुक्र?" मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा कुणी भाडेकरू असेल.

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. "बरोबर आहे तुझं. भाडेकरूच तो. काही महिने पश्चिमेला राहतो, मग नोटीस न देता खोली सोडतो आणि पूर्वेला जाऊन राहतो."

घरमालक आणि भाडेकरू यांचे दावे चालवण्यात बाईंचा जन्म गेला होता, त्यामुळे सगळ्या विश्वाकडे त्या त्याच नजरेनं बघायच्या. शनी म्हणजे पागडी भरून राहिलेला जुना, शांत भाडेकरू. गुरू म्हणजे मोठं कुटुंब घेऊन राहणारा. बुध हा फरारी आरोपी. "आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आहे," त्या म्हणायच्या, "पण बुध काही सापडत नाही. वरळीच्या समुद्रावर तीनदा वॉरंट घेऊन गेले. ढग जामीन देऊन सोडवतात त्याला."

कोट न काढण्याचं कारण खिसे. त्या खिशांत एक छोटी दुर्बीण असायची, अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून मिठाईच्या खोक्यावरचा लाल कागद लावलेली बॅटरी असायची, पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक खडूचा तुकडा. खडू लागायचा तो चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यासाठी. फळा तसा पाण्याच्या वेळा आणि वर्गणीसाठी. पण महिना लागला की बाई खालच्या अर्ध्या भागात त्या महिन्याचं आकाश लिहून टाकायच्या. म्हणजे वर 'शुक्रवारी टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे' आणि खाली 'शुक्रवारी चंद्र गुरूच्या शेजारी, डोळे भरून घ्यावे.' नवीन आलेला माणूस ते वाचून गोंधळायचा. जुने लोक फक्त वरचं वाचायचे.

वाचलं नाही तर बाई ओरडून सांगायच्या. भारत-पाकिस्तानची मॅच ऐन रंगात, शेवटची षटकं, आणि चौकातून आवाज यायचा, "बाहेर या रे! स्पेस स्टेशन चाललंय! चार मिनिटांत जाणार!" पोरं आतून ओरडायची, "बाई, इथं विकेट चाललीय!" बाई म्हणायच्या, "विकेट परत दाखवतात!" हा युक्तिवाद बिनतोड होता. दोन-चार पोरं चडफडत बाहेर यायची, वर बघायची, एक ठिपका मुकाट्यानं आकाश ओलांडून जायचा आणि आतून आऊटचा गलका यायचा.

त्यांचं चुकायचंही. एकदा त्यांनी अख्ख्या विंगेला गॅलरीत बोलावून मंगळ दाखवला. काय लाल, काय तेज. सगळ्यांनी हात जोडायचं तेवढं बाकी होतं. माझा नवरा म्हणाला, "बाई, हा मंगळ कालपण इथंच होता, परवापण. हलत नाही का हा?" दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर तिथं लोअर परळच्या नव्या टॉवरवरची क्रेन. तिच्या शेंड्याला लाल दिवा. बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत मजकूर: 'रविवारी दाखवलेला मंगळ मागे घेण्यात येत आहे. तो बांधकामाचा दिवा होता. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे.' खाली सही, आणि सहीखाली 'अ‍ॅडव्होकेट'.

मी त्यांना विचारलं होतं, हे वेड लागलं कुठून? त्यांचे वडील गिरणीत होते. उन्हाळ्यात ही भावंडं वडिलांबरोबर गच्चीवर झोपायची. "बाबांना एकाही ताऱ्याचं नाव माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो बघ, चमकतोय, एवढंच म्हणायचे. मला चैन पडायचं नाही. नाव नाही, पत्ता नाही, म्हणजे काय? तेव्हाच आईनं ओळखलं, ही वकील होणार."

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येतात तेव्हा शिवाजी पार्कात एका मंडपात बाई दिवसभर बसायच्या. जमिनीची, वारसाची, पेन्शनची भांडणं घेऊन बायामाणसं यायची, बाई फुकट सल्ला द्यायच्या. संध्याकाळी गर्दी जरा ओसरली की मंडपाच्या मागं आपला तीन पायांचा टेलिस्कोप उभा करायच्या. एका वर्षी मी सोबत गेले होते. चंद्र होता. हिंगोलीकडची एक आजी, पांढरं लुगडं, नळीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. बाई मोठ्या आशेनं शेजारी उभ्या.

"दिसला का आजी? खड्डे दिसले?"

"दिसलं की. लई खड्डं." आजीनं डोळा काढला आणि वर, उघड्या आकाशाकडे बघितलं. इकडून तिकडं मान फिरवली. मग बाईंच्या दंडावर हात ठेवून फार मायेनं विचारलं, "बाई, तुमच्याकडं चांदण्या एवढ्याच हायत का?"

बाई म्हणाल्या, "एवढ्याच, आजी. दिव्यांमुळं बाकीच्या दिसत नाहीत."

"मग आमच्याकडं या की," आजी म्हणाली. "सडा पडलेला असतो. नळी बी लागत न्हाई."

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. बाईंनी गावाचं नाव, तालुका, एसटी कुठं थांबते, सगळं विचारून घेतलं आणि जानेवारीत खरंच गेल्या. परत आल्या त्या हरभऱ्याचं गाठोडं आणि आखडलेली मान घेऊन. आठवडाभर पट्टा लावून कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, अपघात झाला का? बाई म्हणाल्या, "नाही महाराज, आकाशगंगा."

आता मला ग्रहणाचं सांगायचंय. बाई म्हटलं की मला आठवतं ते तेच.

दिवाळी होती. लक्ष्मीपूजन झालेलं, पाडवा यायचा होता आणि मधल्या मोकळ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण आलं. सूर्य मावळायच्या आधी लागणार आणि ग्रासलेलाच मावळणार. मला पाचवा महिना होता.

त्याच्या आदल्या खेपेला माझं चौथ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा सासूबाई मालवणला होत्या, गणपतीला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुणाचा काही दोष नाही, असं होतं. मी परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज लोकांचे रिपोर्ट हाताळते, मला ते समजत होतं. सासूबाईंना समजत नव्हतं. आपण इथं असतो तर झालं नसतं, एवढंच त्यांच्या मनानं धरलं. तेव्हापासून माझी शिंकसुद्धा त्यांना ऐकू यायची. आणि खरं सांगायचं तर, समजूनही मलाही भीती होतीच. ती कुठल्या रिपोर्टात बसत नव्हती.

ग्रहणाच्या दिवशी सकाळपासून आई, म्हणजे सासूबाई, कामाला लागल्या. चिवड्याच्या, चकल्यांच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली. सुरी, विळी, सुया, कात्र्या एका पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. खिडकीला दोन चादरी लावल्या. दुपारी वकीलबाई आल्या. हातात चष्मे होते, ग्रहण बघायचे, पुठ्ठ्याचे. चाळीभर वाटत निघाल्या होत्या.

आई दारातच उभ्या राहिल्या. "वकीलबाई, तुमचो मान हा. पण ह्या वेळेक नको. ही भायर येवची नाय."

मला वाटलं, आता जुंपणार. बाई वादाला कधी नाही म्हणायच्या नाहीत. टीव्हीवरच्या ज्योतिषाशीसुद्धा त्या उभ्या राहून भांडायच्या. त्यांनी तोंड उघडलं, मग आईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला बघायचंय," मी म्हणाले. आणि मग, "पण मला भीती वाटते, बाई."

"मग आत बस," त्या म्हणाल्या. "भीतीशी मी वाद घालत नाही." आणि चष्मे घेऊन निघून गेल्या.

मला वाईट वाटलं. आईंनाही वाटलं असावं, कारण त्या उगाच दोनदा डब्यांवरची पानं नीट करत बसल्या. पाऊण तासानं बाई परत दारात. या वेळी चष्मे नव्हते. पावडरच्या डबीतला छोटा आरसा होता, त्यावर भोक पाडलेला काळा कागद चिकटवलेला.

"वहिनी," त्या आईंना म्हणाल्या, "खोलीत अंधार करणार आहात ना? अगदी काळाकुट्ट करा. फक्त दारावरची झडप उघडी ठेवा. मी माझ्या गॅलरीत ऊन धरते आणि या आरशातून तुमच्या आतल्या भिंतीवर पाडते. भिंतीवर सूर्य दिसेल, ग्रहणासकट. तुम्ही घरातच. मी चोरून काही करत नाही, आधी विचारतेय. नको म्हणालात तर नको."

आईंनी बराच विचार केला. "म्हंजे गिराणच घरात येतला?"

"ग्रहण बाहेरच राहील. ही त्याची झेरॉक्स. मूळ प्रत मी माझ्याकडं ठेवते."

"उजेड हिच्या पोटार पडात काय?"

"भिंतीवर पडेल. ती खाटेवर बसेल, भिंतीकडं तोंड करून."

शेवटी तडजोड झाली. "बरा. पण मी मधी बसतलंय."

मग खोली बंद झाली. मी खाटेवर, आई माझ्या आणि उजेडाच्या मधे स्टुलावर, पदर पसरून, जणू बॉम्ब निकामी करायला बसल्यात. ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण शेजारच्या दोघी-तिघी बाया, त्यांच्या सुना, एक म्हातारे काका, सगळे आत येऊन भिंतीला टेकून बसले. नवरा गॅलरीत, निरोप्या म्हणून.

आणि उजेड आला. भिंतीवर नाही, छतावर.

चौकाच्या पलीकडून बाईंचा आवाज, "कुठं पडलाय?"

"छतावर!" नवरा ओरडला.

"आता?"

"पंख्यावर! खाली! आणखी खाली! बाई, डावीकडं!"

"तुझी डावी की माझी?"

एव्हाना दोन्ही विंगांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या आणि सगळी चाळ बाईंना डावं-उजवं सांगत होती. सूर्य आमच्या घरभर फिरत होता. कॅलेंडरवर गेला, कपाटावर चढला, फराळाच्या डब्यांवरून सरसर गेला तशा आई किंचाळल्या, "चकली! चकली वाचवा!" एकदा काकांच्या टकलावर येऊन स्थिरावला आणि काका शहाण्यासारखे हलायचे थांबले. मी हसायला लागले. आधी तोंड दाबून, मग तेही जमेना. गेल्या पाच महिन्यांत मी असं हसले नव्हते. हसलं तर काही होईल, अशी धास्तीच बसली होती.

"आत काय झालं?" बाहेरून नवऱ्यानं घाबरून विचारलं.

"हसताहा," आई म्हणाल्या. "तुझी बायल हसताहा." आणि त्याही हसल्या.

बाईंनी आरसा रोवायला कणकेचा गोळा घेतला होता. ऐन ग्रहणात स्वतः मळलेली कणीक, हे आईंना नंतर कळलं, म्हणून बरं. आरसा गोळ्यात बसला आणि उजेड समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी, थांबला. बशीएवढा. कडा जरा थरथरत होत्या. आणि एका बाजूनं, कुणी बिस्किटाला हळूच दात लावावा तसा, तुकडा गेलेला.

"खाल्ल्यान मगो," आई पुटपुटल्या. त्या स्टुलावरून कधी उठल्या, मला कळलं नाही. आमच्या मधला पहारा सोडून त्या भिंतीजवळ गेल्या होत्या. हात लावायला बोट पुढं केलं, मागं घेतलं. त्यांच्या डोक्याची सावली पडली तशा सगळ्या ओरडल्या, "वहिनी, खाली बसा!" त्या तिथंच जमिनीवर बसल्या. मग वळून मला म्हणाल्या, "गे, तू हडे ये. थंयसून काय दिसतला?"

मी खाटेवरून उतरले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला. तुकडा हळूहळू मोठा होत गेला. मधूनच बाईंचा आवाज यायचा, "सरकला का?" आणि नवरा सांगायचा, आणि उजेड परत जागेवर यायचा. एवढा वेळ त्या पलीकडं सूर्याकडं पाठ करून, कठड्याला टेकून, आरशाशी झटत होत्या. स्वतः त्यांनी ग्रहण किती बघितलं असेल, कोण जाणे. शेवटी भिंतीवरचा सूर्य तांबूस झाला, पुसट झाला, आणि टॉवरांच्या मागं गेला असावा. भिंत परत भिंत झाली.

दिवा लावल्यावर आई पुन्हा आईंसारख्या झाल्या. सगळ्यांना बाहेर काढलं, अंघोळ केली, मला करायला लावली, लादी पुसली. आणि मग ओलं फडकं घेऊन, खुर्चीवर चढून, घड्याळाशेजारची ती जागा स्वच्छ पुसून काढली. थंय गिराण पडला होता ना. पाडव्याला सकाळी फराळाचं पहिलं ताट समोरच्या विंगेत गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मला मुलगी झाली, आईंच्या भाषेत चेडू. सगळं व्यवस्थित.

पुढं मार्चमध्ये, गुढीपाडव्यानंतर एक-दोन दिवसांनी, ती संध्याकाळ आली. बाईंनी आधी सांगितलं असणारच. आम्ही त्यांचं सगळं ऐकायचो आणि सगळं विसरायचो. त्या दिवशी त्या अलिबागला दाव्यासाठी गेल्या होत्या. दिवेलागणीला खालून इस्त्रीवाला ओरडला, "अरे, ऊपर देखो, ऊपर!" एकेक जण बाहेर आला. आमच्या विंगेतून पश्चिम दिसत नाही, म्हणून सगळे समोरच्या विंगेत धावले, वरच्या मजल्यावर, बाईंच्या बंद दारासमोरच्या गॅलरीत. आमच्या छपराच्या वर दुजेची बारीक कोर होती आणि तिच्या बरोबर खाली, अगदी चिकटून, शुक्र. टिकली सुटून खाली यावी तसा. रस्त्यावर टॅक्सीवाले गाड्या थांबवून बघत होते. रोजे सुरू झाले होते. पलीकडच्या गल्लीतली मंडळीसुद्धा गच्चीवर उभी होती. सगळ्यांचे मोबाईल वर.

आमच्याकडं अजून सव्वा महिना व्हायचा होता. तिन्हीसांजेला बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, ही आईंचीच ताकीद. मी दारात घुटमळत होते. आईंनी मुलीला दुपट्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि गुडघे दुखत असताना समोरचे जिने चढून वर गेल्या. मी मागून.

थोड्या वेळानं खाली चौकात बाईंचा आवाज आला. करी रोडच्या पुलावरून त्यांना दिसलं होतं आणि तिथून त्या जवळजवळ पळत आल्या होत्या. "बाहेर या रे! अरे, बाहेर या! शुक्र बघा!" एकेक मजला चढत त्या दारं ठोकत होत्या. कुणीच उघडेना, कारण आत कुणी नव्हतंच. "काय माणसं आहेत," असं मोठ्यानं बोलत, धापा टाकत, त्या वरच्या मजल्यावर आल्या आणि थांबल्या. त्यांच्या दारासमोर अख्खी चाळ, सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे, माना वर.

आई वळल्या. "इलात? केवढो उशीर! बगा थंय." आणि दुपट्यातली मुलगी जरा वर उचलून, आकाशाकडे हनुवटी करून, त्यांनी बाईंना बातमी सांगितली. "चंद्राक चेडू झाला. दुपारी पोटात होता म्हणे, आता भायर इला."

दुपारी शुक्र चंद्राच्या मागं गेला होता आणि पलीकडून बाहेर आला होता, हे बाई आम्हाला रीतसर, अंतरासकट समजावून सांगू शकल्या असत्या. त्यांनी कपाळावरचा घाम कोटाच्या बाहीनं पुसला. चंद्राकडं बघितलं, मग आईंच्या हातातल्या माझ्या मुलीकडं.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "बाळ-बाळंतीण सुखरूप?"

"दोघांय बरी आसत," आई म्हणाल्या. "तुमीच बगा."